सहाव्या सीटखालचं पाणी

वॉल्व्हची सीट बसवण्याआधी ती गारठवावी लागते. सीट म्हणजे वॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती, तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढी पोलादी कडी. इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या जाड झाकणात, तिच्यासाठी जो खड्डा कापायचा, तो तिच्यापेक्षा केसभर लहान ठेवायचा. थंडीने कडी आकसते, उष्णतेने हेड फुगतं, आणि तेवढ्या मिनिटभरात दोन ठोक्यांत कडी आत बसवून मोकळं व्हायचं. दोन्हींचं तापमान एक झालं की ती कडी पुन्हा जागची हलत नाही.

कुवेतमधल्या आमच्या शुवैखच्या वर्कशॉपमधल्या फ्रीजमध्ये पाणीसुद्धा धड गार होत नाही. म्हणून मी सीट घरी नेतो. घर म्हणजे महबूल्यातल्या एका फ्लॅटमधली अर्धी खोली. उरलेली अर्धी रत्नागिरीकडच्या एका मुसलमान सोबत्याची. तो जवळच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कामाला आहे आणि फ्रीजर त्याच्या सुरमईने भरलेला असतो. त्या सुरमईवर मी माझा डबा ठेवतो आणि तो रोज कुरकुरतो. सकाळी थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात सीट घालून मी बस पकडतो. हेड तापवायला भट्टी लागत नाही. वर्कशॉपमागच्या पत्र्यावर तासभर ठेवलं की जुलैचं ऊन ते काम फुकटात करतं. माझ्या सीटना मासळीचा वास येतो असं एका गिऱ्हाइकाने म्हटलं होतं. मी त्याला म्हटलं, इंजिन सुरू झाल्यावर जाईल.

हे काम मी एकतीस वर्षं करतो आहे, त्यातली बावीस कुवेतमध्ये. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात बायको आहे, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची रजा. हिशेब केला तर लग्नाच्या सत्तावीस वर्षांत आम्ही एका छपराखाली किती राहिलो ते कळेल, म्हणून मी तो हिशेब करत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझा डावा कान गेलेला आहे. एकदम गेला नाही. दोन-तीन वर्षांत हळूहळू गेला, आणि उजव्यानेही त्याच वाटेला लागायचं ठरवलेलं दिसतं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, सोबत्याला नाही, आणि आमच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, तर मुळीच नाही. कारण सीटचा खड्डा कापताना मी यंत्रावरच्या आकड्यापेक्षा आवाजावर जास्त विसंबतो. जाड लोखंडात हत्यार एका सुरात घरघरतं. खाली इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची वाट जवळ आली की तो सूर पोकळ होतो. तो बदल ऐकला की थांबायचं. शुवैखमध्ये माझं नाव होतं ते या कानांमुळे. बहिऱ्या माणसाला कापायच्या यंत्रावर कोण उभं करेल? आणि या वयात दुसरं काम कोण देईल? कान गेल्याचं कळलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुन्हा होणार नाही आणि मी घरी. घरी जायचंच तर होतं, पण असं घालवून दिल्यासारखं नको होतं.

त्या उन्हाळ्यात एक कुवेती गृहस्थ जुनी अमेरिकन गाडी घेऊन आले. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची, त्यांच्या वडिलांनी तरुणपणी हौसेने घेतलेली. गृहस्थ पन्नाशीचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, हिंदी सिनेमे बघून शिकलेलं मोडकं हिंदी बोलणारे. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी समुद्राकाठच्या रस्त्यावर ते ही गाडी काढत. आता ती उभ्या उभ्या फुसफुसायची, चढावर दम टाकायची.

हेड खोलल्यावर कारण दिसलं. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते वॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीचं काम करायचं. म्हणून कंपन्यांनी वेगळी सीट न घालता हेडच्या मऊ बिडातच ती कापून दिली. आताच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही. वॉल्व्ह त्या मऊ बिडावर आपटून आपटून आत रुतत गेले होते. धुराच्या बाजूचे आठही.

मुदीरने त्यांना सोपा मार्ग सांगितला. अॅल्युमिनियमची नवी हेड मागवा, हलकी असतात, कडक सीट आधीच बसवलेल्या असतात, गाडीची ताकदही वाढेल. खरं सांगायचं तर मीही तेच सांगितलं असतं. गृहस्थ नको म्हणाले. का, ते त्यांनी मला सांगितलं, मुदीरला नाही.

इराकी सैन्य आलं तेव्हा ते शाळेत जाणारं पोर होते आणि घर समुद्राकाठी बनेद अल-गारला होतं. सैनिक रस्त्यावरच्या गाड्या घेऊन जात होते. त्यांच्या वडिलांनी एका दिवसात गाडीची दोन्ही हेड उतरवली, पोत्यात गुंडाळली आणि अंगणात पुरली. गाडी तशीच दारात, नाक उघडं ठेवून. सैनिक आले, बघून गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. हेड नसलेली गाडी कोण ढकलत नेणार? सात महिन्यांनी ती हेड उकरून काढली. वडील आता नाहीत, ते घरही पाडून तिथे टॉवर उभा राहिला आहे. राहिलं आहे ते हे साठ-सत्तर किलो बीड. हीच हेड दुरुस्त करा, हीच बसवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी होईल म्हणालो. रुबाबात म्हणालो. मुदीरने जाडी मोजायचं एक छोटं यंत्र आणून ठेवलेलं होतं, ते आधी लावून बघ असं तो म्हणाला. मी त्याला पोरांचं खेळणं म्हणत असे. ते तसंच खणात राहिलं.

पहिल्या पाच सीट झकास बसल्या. सहाव्या खड्ड्यावर मी यंत्र लावलं आणि नेहमीप्रमाणे उजवा कान खाली करून उभा राहिलो. मला सूर बदललेला ऐकू आला नाही. बदलला असणारच. मला दिसलं ते हत्याराच्या टोकापाशी आलेलं गंजाचं तांबूस पाणी, एकच थेंब. मी यंत्र बंद केलं आणि पुसून पाहिलं. खड्ड्याच्या तळाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं.

मुदीर त्याच्या केबिनमध्ये फोनवर होता. कोणी पाहिलं नव्हतं. मी हेडवर फडका टाकला आणि हात धुवायला गेलो, आणि नळाखाली हात धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो.

जाणकाराला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. ते भोक लपवणं अगदी सोपं होतं. थोडा चिकट लेप लावायचा आणि वर सीट ठोकायची. सीट बसली की तिच्याखाली काय आहे ते हेड फोडल्याशिवाय कोणाला दिसणार नाही. लेप कदाचित दहा वर्षं टिकेल. कदाचित पुढच्या उन्हाळ्यात भर रस्त्यात गरम पाणी सिलिंडरमध्ये शिरेल आणि ते इंजिन संपेल. तोवर मी गावी असेन. शुवैखमध्ये असे लेप किती इंजिनांत असतील ते देवच जाणे.

मुदीरला मी सांगितलं की उरलेल्या तीन सीटपैकी एक मापात नाही, दुसरी मागवली आहे. थर्मासमधल्या तिन्ही पुन्हा महबूल्याला नेऊन सुरमईवर ठेवल्या. सोबत्याने विचारलं की या परत कशा आल्या. मी टीव्ही लावला. तो नेहमीसारखा उठून आवाज कमी करून आला, आणि मग मी ओठ हलताना बघत बसलो.

तीन दिवस असेच गेले. या तीन दिवसांत मला सगळ्यात जास्त राग बायकोचा येत होता, याचं आजही आश्चर्य वाटतं.

आधी ती फोन करायची तेव्हा फोन चुलीकडे कुठेतरी टेकवलेला असायचा आणि ती कामं करत बोलायची. विळीवर नारळ खवण्याचा आवाज, कोंबड्यांना घातलेली शिवी, मध्येच शेजारणीशी दोन वाक्यं. पडद्यावर मला फक्त छपराचे वासे दिसत. पण मी घरात आहे असं वाटायचं. गेली दोन वर्षं तिने ते बंद केलं होतं. पडवीत खुर्ची टाकून, उजेडाकडे तोंड करून, बँकेतल्या बाईसारखी ताठ बसायची आणि एकेक शब्द सावकाश बोलायची. बोलणं झालं की फोन बंद. मला वाटायचं, आता आपण पाहुणे झालो. इतकी वर्षं दूर राहिलेल्या माणसाशी ती तरी किती दिवस घरच्यासारखं बोलणार? हे मनात धरून मीही ताठ बोलायचो. ऐकू आलं नाही की नेटवर्क नाही म्हणायचो.

खरं तर आम्हा आखाती लोकांच्या घरांत वाईट बातमी उशिरा द्यायची रीतच आहे. तो तिकडे एकटा, ऐकून करणार काय, असं म्हणून सगळे गप्प बसतात. बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ते मला टाके काढल्यावर कळलं. ऑपरेशनच्या दिवशीही ती मला फोनवर सगळं बरं आहे म्हणाली होती. तेव्हा मी भांडलो होतो. माझ्याच बायकोच्या पोटावर टाके पडले आणि मी त्या दिवशी इथे बिर्याणी खात होतो, हे मला सहन झालं नव्हतं. आणि आता मीच फडका टाकून बसलो होतो, एक हेडवर आणि एक कानावर.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ काम कुठवर आलं बघायला आले. येताना खजूर आणि कॉफीचा थर्मास घेऊन आले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांना मशीनपाशी नेलं, फडका काढला आणि विजेरी धरून भोक दाखवलं.

"छेद पड़ गया," मी म्हणालो. "मेरे हाथ से."

ते वाकले. बराच वेळ त्यांनी त्या भोकाकडे पाहिलं. मग बोटाने खड्ड्याची कड चाचपली. मी वाट बघत होतो की आता मुदीरला हाक मारतील. त्यांनी विचारलं की वर सीट बसली असती तर हे कोणाला दिसलं असतं का. मी नाही म्हणालो. मग का सांगितलंस, असं त्यांनी विचारलं.

"दो साल से एक चीज़ छुपा रहा हूँ," मी म्हणालो. "दूसरी के लिए जगह नहीं है."

आणि तिथेच, उभ्या उभ्या, मी त्यांना कानाचं सांगितलं. एका परक्या माणसाला, परक्या भाषेत. कदाचित म्हणूनच सांगता आलं. यंत्राचा सूर कसा बदलतो, तो मला कसा ऐकू आला नाही, जाडी मोजायचं यंत्र खणात असताना मी ते हातात का घेतलं नाही, सगळं.

ते माझ्या डावीकडे उभे होते. ते ऐकून ते वळसा घालून उजवीकडे आले.

"उस्ताद," ते म्हणाले, "समुंदर के पास का मिट्टी, उसमें नमक. सात महीना. वो जगह मेरा वालिद ने पतला किया, तुमने नहीं."

त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. खाऱ्या ओलसर मातीत त्या हेडच्या पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या गेल्या होत्या, हे मला नंतर यंत्र लावल्यावर दिसलंच. पण पातळ जागा ओळखणं हेच माझं काम होतं. मी तसं त्यांना म्हणालो. त्यांनी कॉफी ओतली आणि कप माझ्या हातात दिला.

मुदीरला मी त्याच दुपारी सांगितलं. तो ओरडला नाही. त्याने मला कापायच्या यंत्रावरून काढलं, तिथे दुसरा माणूस लावला आणि मला बाजूच्या बाकावर बसवलं. वॉल्व्ह हाताने घासून सीटशी जुळवायचे आणि शेवटची तपासणी करायची, एवढंच काम. इकामा संपेपर्यंत थांब, मग बघू, असं म्हणाला. त्या बघूचा अर्थ आम्ही दोघेही जाणतो.

ते हेड मात्र मीच पुरं करावं असा त्या गृहस्थांनी हट्ट धरला. भोक किंचित मोठं करून त्यात मी आटे पाडले, बिडाची बारीक पिन पिळून बसवली आणि वरून सपाट केली. उरलेले दोन खड्डे खेळण्याने जाडी मोजून, आकड्यावर डोळा ठेवून कापले. मासळीच्या वासाच्या तिन्ही सीट बसल्या. मग पाण्याच्या सगळ्या वाटा बंद करून आत हवा भरली आणि हेड टाकीत बुडवलं. कुठे बुडबुडा येतो का ते बघायचं. याला कान लागत नाहीत. मी आणि ते गृहस्थ दोन स्टुलांवर बसून दोन तास पाण्याकडे बघत राहिलो. एकही बुडबुडा आला नाही.

गाडी सुरू केली तो गुरुवार होता. मी उजवा कान इंजिनाकडे केला. आठही सिलिंडर एका लयीत चालत होते हे मला बोनेटवर ठेवलेल्या तळहाताने जास्त कळलं. गृहस्थ आत बसून काहीतरी बोलत होते. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. मी कानाकडे बोट दाखवलं तर ते हसले आणि तोंड माझ्याकडे वळवून पुन्हा बोलले, सावकाश, एकेक शब्द. वडील घरी यायचे तेव्हा गल्लीच्या टोकावरून असाच आवाज यायचा, एवढंच म्हणत होते.

बसमधून महबूल्याला येताना त्यांचं ते तोंड वळवणं डोक्यातून जाईना. असं सावकाश, उजेडाकडे तोंड करून, माझ्याशी आणखी एक माणूस बोलत होतं.

शुक्रवारी सकाळी सोबती दुकानात गेल्यावर मी फोन लावला. बायको पडवीत खुर्चीवर, नेहमीसारखी ताठ. मी पाऊसपाणी विचारलं, मुलीचं विचारलं. मग मी म्हणालो, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, दोन-तीन वर्षं झाली.

ती जराही दचकली नाही. पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "माका म्हायत आसा."

मी विचारलं, कधीपासून.

"मागच्या रजेत इलास तेव्हा इहिरीकडसून हाक मारलंय. तीनदा. तुमी वळूक नाय." ती थांबली, मला शब्द दिसले की नाही ते बघितलं आणि पुढे म्हणाली, "म्हणान तर उजेडात बसतंय. तोंड दिसूक व्हया ना तुमका."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुमी सांगूक नाय, म्हणान मी इचारूक नाय.

दोन वर्षं. कामं टाकून, खुर्ची उजेडात ओढून, रोज. आणि मी तिला बँकेतली बाई म्हणत होतो. फोन हातात धरून मी रडलो. तिने ते पाहिलं आणि फोन बंद केला नाही.

इकाम्याचंही तिला सांगितलं. मार्चपर्यंत आहे, मग बहुतेक येईनच. ती नुसती बरं म्हणाली. मग मी तिला म्हटलं की आता खुर्चीवरून ऊठ. फोन पूर्वीसारखा चुलीकडे ठेव आणि तुझी कामं कर. ऐकू नाय येवचा, ती म्हणाली. मी म्हटलं, आवाज मोठा करून उजव्या कानाला लावतो, जेवढं येईल तेवढं येईल.

तिने फोन टेकवला. पडद्यावर छपराचे वासे आले, एका वाशाला नवा टेकू लावलेला दिसला, त्याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. मी गादीवर डाव्या कुशीवर आडवा झालो आणि फोन कानावर ठेवला. बराच वेळ नुसती खरखर होती. मग त्या खरखरीतून विळीवर नारळ खवण्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि मी हललो नाही.